सजवलेल्या कुकीजची पुणेरी पूर्वपीठिका

बारसे, डोहाळजेवण, पहिला वाढदिवस, मुंज किंवा दिवाळीची भेट अशा निमित्तांसाठी घरच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या आणि साखरेच्या रंगीत लेपाने सजवलेल्या कुकीज आता पुण्यात चांगल्याच रुळल्या आहेत. पाळणा, अंगडे-टोपडे, पणती, आकाशकंदील असे आकार कापायचे, त्यांवर लेप भरलेल्या कोनाने नक्षी काढायची आणि बाळाचे नाव लिहून त्या पाहुण्यांच्या हाती द्यायच्या, ही पद्धत परदेशी चित्रफिती पाहून गेल्या काही वर्षांत आली, असे सर्रास समजले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. या कुकीजमागे दोन वेगळ्या विद्या आहेत. त्यांतली भाजण्याची विद्या पुण्यात लष्कर भागातून आली, तर साखरेने सजवण्याची विद्या पेठांमधल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतीच. त्या एकत्र यायला इतका काळ का लागला, हे पाहिल्याशिवाय आजच्या कुकीचे मोल नीट कळत नाही.

मूळ पदार्थ अर्थातच युरोपातला आहे. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरात मध, सुंठ आणि मसाले घालून केलेल्या वड्या कोरीव लाकडी साच्यांत दाबून नाताळसाठी भाजत असत आणि १६४३ साली तिथल्या या कारागिरांचा स्वतंत्र संघही झाला. इंग्लंडची पहिली राणी एलिझाबेथ आपल्या दरबारी पाहुण्यांच्या रूपातल्या सुंठेच्या बिस्किटांच्या बाहुल्या करवून घेत असे, असे सांगितले जाते. पुढे साखर स्वस्त झाली, तेव्हा अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेला, वाळल्यावर कडक होणारा लेप केकवर आणि मग बिस्किटांवरही आला. त्यालाच आपण आज रॉयल आइसिंग म्हणतो.

भाजलेल्या गव्हाच्या पदार्थांशी पुण्याची ओळख इंग्रजांच्याही आधीची असावी. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते आणि त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, जागा देण्यात आली. नाना पेठेतील सिटी चर्च ते हेच. नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर पेशवाई संपली, लष्कराची छावणी वसली आणि पाव-बिस्किटांची भट्टी हा त्या वस्तीचा नित्याचा भाग झाला. लष्करातील गोवेकर आणि इतर ख्रिस्ती घरांत नाताळसाठी होणारे कुलकुल हे घरगुती सजावटीचे उत्तम उदाहरण आहे: पिठाची लहान गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, म्हणजे तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. त्याच ताटातली नेवरी आणि आपली करंजी यांचे नाते तर सांगायलाच नको. म्हणजे सणासाठी पिठाला रूप देण्याची हौस दोन्ही वस्त्यांत सारखीच होती.

तरीही भट्टीत भाजलेला पदार्थ सदाशिव-नारायण पेठांत सहज शिरला नाही. १८९० सालचे पंचहौद या ख्रिस्ती मिशनचे चहा प्रकरण पुणेकरांना माहीत आहे. मिशनमधील कार्यक्रमात चहा-बिस्किटे दिली गेली, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा, प्रसंग ओढवला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या शहरात एका बिस्किटाने एवढे वादळ उठले, तिथे आज मुंजीच्या निमंत्रणासोबत कुकीज जातात. सामाजिक बदलाची ही बाजू मला चवीइतकीच महत्त्वाची वाटते.

लष्करातली भट्टी आणि पेठांतले घर यांच्या मधला दुवा आहे नानकटाई. तिचा उगम सुरतेचा मानला जातो. तिथल्या डच लोकांची भट्टी एका पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथून हे खुसखुशीत बिस्किट पश्चिम भारतात पसरले, अशी परंपरा आहे. पुण्यात अनेक दशके दिवाळीपूर्वी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरचे तूप, पिठीसाखर, रवा आणि मैदा घेऊन बेकरीत जायचे आणि डबे भरून बिस्किटे पाडून आणायची, अशी रीत होती. कालवण्याचे प्रमाण घरचे आणि आच बेकरीवाल्याची. आपल्याच डब्यातली बिस्किटे परत मिळावीत म्हणून पत्र्याच्या ट्रेवर लक्ष ठेवून भट्टीपाशी उभी राहिलेली मुले अनेकांना आठवत असतील. पण नानकटाई ही सजवण्याची वस्तू नव्हे. तिच्यात सोडा असतो, ती फुगते, पसरते आणि वरून तडकते. तडकणे हाच तिच्या जमण्याचा पुरावा. रेखीव नक्षीला सपाट पाठ लागते, म्हणून सजावटीच्या कुकीच्या पिठात सोडा किंवा बेकिंग पावडर घालत नाहीत किंवा अगदी नावापुरती घालतात. लोणी, साखर आणि मैद्याचा गोळा थंड करून साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटतात, आकार कापतात आणि भाजण्यापूर्वी ते पुन्हा फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे कडा पसरत नाहीत. लाटणे आणि कापणे यांत मुरलेला हात मात्र आपल्याकडे शंकरपाळ्यांनी आधीच तयार करून ठेवला होता.

आता साखरेकडे वळू. ही बाजू जितकी श्रीमंत आहे तितके तिच्याविषयी लिहिले गेलेले नाही, म्हणून इथे थोडे थांबणे भाग आहे. संक्रांतीचा हलवा करताना परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेतात, खाली मंद आच ठेवतात आणि चमच्याने थोडा थोडा पाक सोडत दाणे बोटांनी सतत फिरवत राहतात. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा पाक घालायचा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात आणि आच वाढली की साखर पिवळी पडते. काही दिवस चिकाटीने बसल्यावर दाण्याला पांढरा स्वच्छ काटा येतो. तो हलवा मग पुठ्ठ्यावर आणि सोनेरी कागदावर दोऱ्याने गुंफून नव्या सुनेसाठी बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट, बासरी, हार तयार होतात. पाडव्याच्या गाठी साच्यात ओतलेल्या असतात. लग्नाच्या रुखवतात बत्ताशांचे बंगले आणि साखरेची फळे मांडून घरातल्या बायका आपले कसब दाखवीत. खास प्रसंगासाठी, एका विशिष्ट व्यक्तीसाठी, खाण्याच्या वस्तूला दागिन्याची कळा देणे हे या घरांना नवे नव्हतेच. ही कला बायकांनी फावल्या वेळात, विनामोबदला जपली, म्हणूनच तिची कारागिरीत गणना झाली नाही, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही विद्या एकत्र यायला आड आले ते ओव्हन आणि अंडे. बेकरीचा माल विकत आणणे सोपे होते. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटे तर पेठांनीही आपलीशी केली. घरी भाजायचे तर कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून, नाहीतर अॅल्युमिनियमच्या गोल विजेच्या ओव्हनमध्ये, आणि त्यात आच सगळीकडे सारखी लागेलच याचा भरवसा नसे. थर्मोस्टॅट असलेले छोटे ओव्हन मध्यमवर्गीय ओट्यावर आले तेव्हा हा प्रश्न सुटला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी भाजणे वाढले आणि अनेक गृहिणींनी त्याचा पुढे व्यवसाय केला.

अंड्याचा अडसर अधिक चिवट होता. पांढऱ्या बलकातील प्रथिनांमुळे आइसिंगमध्ये हवा धरून राहते आणि ते वाळून टणक होते, त्यामुळे नुसते दूध किंवा पाणी घालून ते काम भागत नाही. शिवाय बलकाच्या जागी वापरली जाणारी मेरँग पावडर हीदेखील अंड्याचीच असते. पुढे काबुली चणे शिजवलेले पाणी बलकासारखे फेटता येते, हे २०१४-१५ च्या सुमारास जगभर माहीत झाले आणि बाजारात बिनअंड्याची तयार मिश्रणेही आली. पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांचा इथे मानाने उल्लेख करायला हवा. इंग्लंडमधील एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आइसिंग शिकून त्यांनी बिनअंड्याच्या रॉयल आइसिंगमध्ये भव्य, जाळीदार रचना उभ्या केल्या आणि ही कला शाकाहारी घरांच्या आवाक्यात आणली.

उरतो तो हवेचा प्रश्न. आइसिंग दोन प्रकारचे लागते: कडेच्या रेघेला घट्ट आणि आतला भाग भरायला सैल. सैल आइसिंगवर सुरीने रेघ ओढली असता ती दहा-पंधरा सेकंदांत पुसली गेली, म्हणजे ते भरण्याजोगे झाले. भरल्यावर वर आलेले बुडबुडे सुईने फोडायचे आणि कुकीज रात्रभर उघड्या वाळू द्यायच्या. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे भाद्रपदात गणपतीच्या कुकीज वाळता वाळत नाहीत आणि लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. अशा वेळी पंखा किंवा मंद उष्णतेचे वाळवणी यंत्र वापरावे लागते आणि गडद रंग हलका भाग पूर्ण सुकल्यावरच भरावा लागतो. दिवाळीनंतर पुण्याची हवा कोरडी होते आणि पौषात, हलव्याला काटा येण्याच्याच दिवसांत, आइसिंगही सर्वांत स्वच्छ वाळते. बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरीच्या आकाराच्या कुकीज करायच्या असतील तर हाच काळ धरावा, आणि हलव्यासारखे उठावदार दाणे हवे असतील तर खालचा थर पुरता वाळल्यावर घट्ट पांढऱ्या आइसिंगचे ठिपके द्यावेत.