दोष एकच, गाठी मात्र वेगवेगळ्या

किडनीच्या आनुवंशिक कर्करोगांत सर्वाधिक अभ्यास झाला तो व्हॉन हिपेल-लिंडाव, अर्थात व्हीएचएल या आजाराचा. यात किडनीप्रमाणेच डोळे, अ‍ॅड्रिनल ग्रंथी अशा अवयवांतही गाठी होतात. साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला तो असतो. त्याचं जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. ते १९९३ मध्ये सापडलं. बिघडलेली प्रत मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. मात्र पाचांतल्या एका रुग्णात हा बदल नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे 'आमच्या घरात कुणाला नव्हतं' यावर विसंबून चालत नाही.

एक प्रत बिघडली तरी पेशीचं काम भागतं. दुसरीही गेली की एचआयएफ-२ अल्फा हे प्रथिन नष्ट होईनासं होतं. मग प्राणवायू मुबलक असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. ही दुसरी प्रत बहुधा भुजेच्या मोठ्या तुकड्यासकट जाते. त्याच तुकड्यावर पीबीआरएम१, सेटडी२ आणि बॅप१ ही गाठी रोखणारी जनुकंही असतात. त्यांचीही एकेक प्रत गळते.

हे प्रत्येक पेशीत स्वतंत्रपणे घडतं. त्यामुळे एकाच किडनीतल्या दोन गाठी एकमेकींपासून फुटलेल्या नसतात. सूक्ष्म गाठी तर शेकड्यांनी असू शकतात. सगळ्या काढायच्या म्हटलं तर किडनीच उरणार नाही. म्हणून सर्वांत मोठी घन (आत द्रव नसलेली) गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत थांबतात आणि मग किडनी राखून शस्त्रक्रिया करतात. हा नियम सरसकट लावणं मात्र धोक्याचं. एफएच जनुकातल्या दोषामुळे होणारा किडनीचा कर्करोग लहान असतानाच पसरू शकतो. तिथे वाट पाहत नाहीत.

प्रतिकारशक्तीचं गणित आणखी गुंतागुंतीचं. वारशाने आलेला बदल जन्मापासून अंगात असल्याने टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) त्याला सहसा परका मानत नाहीत. त्यांना खुणावतात ते गाठीत नंतर झालेले बदल, आणि ते गाठीगणिक निराळे. बदललेल्या प्रथिनाचा कोणता तुकडा टी पेशींपुढे मांडला जाईल हे एचएलए जनुकं ठरवतात. दोन सख्ख्या भावंडांत व्हीएचएलचा दोष तोच असला, तरी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. शिवाय अनेक कर्करोगांत गाठीत टी पेशी जास्त असणं हे शुभलक्षण असतं. व्हीएचएलमध्ये होणाऱ्या किडनीच्या कर्करोगाच्या क्लिअर सेल प्रकारात ते बहुतेकदा उलट ठरतं, कारण त्या पेशी थकलेल्या असतात.

वयाच्या पंचेचाळिशीच्या आत किडनीचा कर्करोग, दोन्ही किडन्यांत गाठी किंवा जवळच्या नात्यात तोच आजार असेल, तर रक्ताची जनुकीय चाचणी करावी. नुसतं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं क्रमाने वाचणं, पुरत नाही. जनुकाचा मोठा भाग गळाला असेल तर तो त्यात निसटतो. त्यासाठी वेगळी चाचणी सांगून घ्यावी लागते. व्हीएचएलचा दोष सापडला की पोटाचा एमआरआय १५व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी. वारंवार सीटी नको, किरणोत्सर्ग साठत जातो. डोळ्यांची तपासणी मात्र पहिल्या वर्षातच सुरू होते. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांपासून बनणारा पदार्थ) तपासावं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत न कळलेली गाठ असली, तर भूल देताना रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.

एचआयएफ-२ अल्फा रोखणाऱ्या बेल्झुटिफान या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मात्रा रोज १२० मिलिग्रॅम. हेच प्रथिन लाल पेशींच्या निर्मितीलाही लागतं, त्यामुळे हिमोग्लोबिन हमखास उतरतं. रक्तातला प्राणवायूही घटू शकतो, म्हणून ऑक्सिमीटर हाताशी हवा. गर्भाला या औषधाचा धोका आहे आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करतं. तेव्हा संप्रेरकविरहित साधनच वापरावं.