सुईकडून कुंचल्याकडे : ग्रीक लालाकृती मृत्पात्रांवरील चित्रांची पार्श्वभूमी

जर्मनीतील म्युनिकच्या संग्रहालयात एक ॲम्फोरा, म्हणजे दोन कानांचा उभट घडा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकच प्रसंग रंगवलेला आहे : ग्रीक पुराणकथांतील वीर हेराक्लीस मेजवानीच्या आसनावर रेलून बसला आहे आणि त्याच्यासमोर अथेना देवी उभी आहे. एका बाजूला लालसर मातीवर काळ्या आकृती आहेत, तर दुसऱ्या बाजूला काळ्या पार्श्वभूमीवर मातीच्याच लाल रंगात राखलेल्या आकृती. इ.स.पू. 520 च्या सुमारास अथेन्समध्ये घडलेला हा घडा एका मोठ्या बदलाचा, म्हणजे काळ्या आकृतींच्या ‘कृष्णाकृती’ शैलीकडून लाल आकृतींच्या ‘लालाकृती’ शैलीकडे झालेल्या वळणाचा, साक्षीदार आहे. हा बदल घडवण्याचे श्रेय बहुधा अँडोकिडीज या कुंभाराच्या कार्यशाळेतील चित्रकाराला दिले जाते. त्याचे नाव माहीत नसल्यामुळे अभ्यासक त्याला ‘अँडोकिडीज चित्रकार’ म्हणतात.

त्याआधीची कृष्णाकृती शैली कॉरिंथमध्ये इ.स.पू. सातव्या शतकात विकसित झाली आणि पुढे अथेन्सने ती परिपूर्णतेला नेली. तिच्यात आकृती छायेसारखी काळी भरून घेत आणि डोळा, दाढी, वस्त्राच्या चुण्या हे सारे तपशील टोकदार हत्याराने कोरून काढत. कोरलेली रेषा धारदार आणि ठाम असते. मात्र जाड-बारीक होणे, फिकट होत जाणे तिला फारसे जमत नाही. नव्या पद्धतीत आकृतीभोवतालची जागा काळी करून आकृती मोकळी सोडली जाऊ लागली, तेव्हा सुईची जागा कुंचल्याने घेतली. मुख्य रेषा हाताला उंचवटा जाणवेल इतक्या दाट लेपाने काढता येऊ लागल्या आणि पोटाचे स्नायू किंवा केसांच्या बटा त्याच लेपात पाणी मिसळून सोनेरी-तपकिरी छटेत दाखवता येऊ लागल्या. माझ्या मते या शैलीचे खरे महत्त्व रंगांच्या अदलाबदलीत नसून, माणसाच्या शरीराच्या आतला भाग चित्रकाराच्या हाती आला यात आहे.

काळा आणि लाल हे दोन्ही रंग मुळात मातीचेच आहेत. अथेन्सच्या परिसरातील लोहयुक्त माती पाण्यात निवळून तिच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप तयार करत आणि अर्धवट वाळलेल्या भांड्यावर तो कुंचल्याने लावत. भट्टी एकदाच लागे, पण तिच्यात तीन टप्पे असत. प्रथम हवा खेळती ठेवल्याने सगळे भांडे लाल होई. मग हवेची वाट बंद करून ओले लाकूड घातले की ते पूर्ण काळे पडे आणि लेपाचे कण वितळू लागून एकमेकांना घट्ट चिकटत. शेवटी पुन्हा हवा सोडल्यावर सच्छिद्र माती परत लाल होई, मात्र घट्ट झालेल्या लेपात हवा शिरू न शकल्याने तो काळाच राही.

अथेन्समधील कुंभारांची वस्ती केरामिकोस या नावाने ओळखली जाई. तिथल्या पहिल्या पिढीतील चित्रकारांची आपसातली चुरस त्यांच्याच अक्षरांत उरली आहे. युथिमिडीजने वळलेल्या, पाठमोऱ्या शरीरांचे तीन नाचणारे पुरुष एका घड्यावर रंगवले आणि शेजारी लिहिले, ‘युफ्रोनिओसला कधीच जमले नाही असे’. ज्याला हे उद्देशून लिहिले, त्या युफ्रोनिओसचे सर्वांत प्रसिद्ध काम मद्यात पाणी मिसळण्याच्या मोठ्या पात्रावर, म्हणजे क्रेटरवर आहे. ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉनचा, म्हणजे देवराज झ्यूसच्या मुलाचा, देह निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखधारी देव उचलत आहेत, जखमांतून रक्ताच्या धारा वाहत आहेत आणि मध्ये देवांचा दूत हर्मीस उभा आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये या प्रसंगी झ्यूस अपोलोला पाठवतो, हर्मीस तिथे नाही. चित्रकार काव्याची नक्कल करत नव्हता, ती कथा स्वतःच्या रीतीने सांगत होता.

इ.स.पू. 480 च्या सुमारास, म्हणजे पर्शियन सैन्याने अथेन्स जाळले त्याच काळात, ‘क्लिओफ्रेडीज चित्रकारा’ने एका हायड्रियावर, म्हणजे पाण्याच्या घड्यावर, ग्रीकांनी केलेला ट्रॉयचा पाडाव रंगवला. वृद्ध राजा प्रायम वेदीवर बसला आहे, मांडीवर मारल्या गेलेल्या नातवाचा देह आहे आणि समोर तलवार उगारलेला ग्रीक योद्धा निओप्टोलेमस आहे. त्याच काळातील ‘ब्रिगोस चित्रकारा’च्या पेल्यावर ट्रॉयची राजस्नुषा अँड्रोमाखी हातात मुसळ घेऊन शत्रूवर धावून जाते. हा पेला आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. जेत्यांच्याच कुळातील चित्रकारांनी पराभूतांचे दुःख इतक्या जवळून पाहावे, ही मला या कलेतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढे लग्ने आणि घरातल्या स्त्रिया असे शांत विषय वाढले. एका हायड्रियावर तर कार्यशाळाच रंगवली आहे. अथेना आणि विजयदेवता कारागिरांना मुकुट घालत आहेत आणि कडेला एक स्त्री भांडे रंगवत बसली आहे. दक्षिण इटलीतही ही शैली रुजली, पण इ.स.पू. 300 च्या आसपास ती सगळीकडेच संपली.

अथेन्सची ही भांडी मोठ्या प्रमाणात इटलीतील एट्रुस्कन लोकांकडे जात आणि त्यांच्या थडग्यांत ठेवली जात. त्यामुळेच कित्येक पात्रे अखंड राहिली आणि त्यामुळेच ती दीर्घकाळ एट्रुस्कन समजली गेली. नेपल्समधील ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन यांचा संग्रह 1772 मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला आणि 1828 पासून इटलीतील वुल्ची या एट्रुस्कन ठिकाणी हजारो पात्रे निघाली. विसाव्या शतकात ब्रिटिश अभ्यासक जॉन बीझली यांनी कान, घोटा, वस्त्राची चुणी काढण्याच्या सवयींवरून निनावी चित्रकारांचे हात वेगळे ओळखले. वर आलेली ‘अमुक चित्रकार’ अशी नावे या पद्धतीची देणगी आहेत.

सार्पेडॉनचा क्रेटर मात्र उत्खननातून आला नाही. इटलीतील चेर्वेतेरीजवळच्या एट्रुस्कन थडग्यातून तो चोरून काढला गेला, 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने तो 10 लाख डॉलरला विकत घेतला आणि 2008 मध्ये तो इटलीला परत मिळाला. आता तो चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. तो कोणाच्या थडग्यात आणि कशाशेजारी ठेवलेला होता, हे मात्र त्या चोरीने कायमचे पुसून टाकले आहे.