दिवा लावला की नेट जातं: तारेतला गोंगाट की वाय-फायची अडचण?

सिडकोतल्या आमच्या रो-हाउसमध्ये परवापरवापर्यंत टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. तिन्हीसांजेला आई देवापाशी दिवा लावायची, मग पोर्चचा बल्ब लावायची आणि दोन-तीन मिनिटांत वरच्या खोलीतला माझा व्हिडिओ कॉल तुटायचा. त्याच महिन्यात पंचवटीतून मावशीचा फोन आला. "अरे, घरात एलईडीच्या पट्ट्या बसवल्यापासून माझंही नेट अडकतंय. तुमच्याकडे झालंय तेच दिसतंय." तक्रार अगदी सारखी होती. पण माझ्या घरचा उपाय तिच्याकडे केला असता तर पैसे गेले असते आणि नेट तसंच राहिलं असतं.

"नेट अडकतं" म्हणताना आपण दोन वेगळ्या वाटा एकत्र करतो. एक वाट खांबावरून किंवा टेलिफोनच्या डीपीतून (जोडण्यांच्या पेटीतून) मोडेमपर्यंत येणारी, ती लाइन. दुसरी मोडेमपासून किंवा त्याला जोडलेल्या राउटरपासून आपल्या मोबाइलपर्यंत हवेतून जाणारी, ते वाय-फाय. एलईडीचा खरा उपद्रव पहिल्या वाटेला होतो, तोही ती वाट तांब्याची असेल तर. दुसऱ्या वाटेवर बल्बला दोष देतात तेव्हा बहुतेक वेळा कारण भलतंच असतं.

असं का, ते बल्बच्या पोटात बघितलं की कळतं. एलईडीच्या चिपला घरातली २३० व्होल्टची एसी वीज थेट चालत नाही. म्हणून आत एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक ड्रायव्हर वीज सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद करून हवा तेवढा करंट काढतात. प्रत्येक झटक्यातून त्या मूळ वेगाच्या पटीतल्या लहरी निघतात आणि त्या काही मेगाहर्ट्झपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातात. आता तारेवरचं ब्रॉडबँड कुठे चालतं ते बघा. त्याचे (डीएसएलचे) दोन प्रकार: एडीएसएल-टू-प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, व्हीडीएसएल-टू प्रोफाइलनुसार १७ किंवा ३० मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे दोघांची गल्ली एकच. वाय-फाय मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे २,४०० मेगाहर्ट्झच्या पुढे. तिथवर ड्रायव्हरचा हा विजेचा गोंगाट जवळजवळ विरून गेलेला असतो.

पोर्चमधला तो बल्ब मी काढून उघडला. नऊ वॅटचा, बाजारातून सुटा घेतलेला, डब्यावर कंपनीचं धड नावही नव्हतं. वरचं पांढरं टोपण फिरवून काढलं की चिपांची गोल प्लेट दिसते आणि तिच्याखाली अंगठ्याएवढा बोर्ड. चांगल्या बल्बमध्ये वीज आत येते त्या जागी एक बारीक चोक आणि चौकोनी कपॅसिटर असतो. ड्रायव्हरचा गोंगाट परत घराच्या वायरिंगमध्ये जाऊ नये म्हणून ते असतात. माझ्या बल्बच्या बोर्डावर चोकसाठी छापलेली जागा होती, पण त्या जागी नुसता तारेचा तुकडा डाख देऊन जोडला होता. दोन-चार रुपये वाचवले होते! मला खरंच राग आला. (उघडा बल्ब चुकूनही होल्डरला लावू नका. आत मुख्य विजेची तार उघडी असते.)

पण स्वस्त म्हणजे गोंगाट करणाराच, असंही सरसकट नाही. काही अगदी स्वस्त बल्बांत ड्रायव्हर चिपांच्याच प्लेटवर असतो आणि त्यात भराभर चालू-बंद करण्याचा प्रकारच नसतो. असा बल्ब डोळ्यांना लुकलुकल्यासारखा वाटू शकतो, पण लाइनला त्याचा त्रास फार होत नाही. उलट ब्रँडेड बल्बसुद्धा सैल होल्डरमध्ये बसवला आणि होल्डरच्या पिनांवर बारीक ठिणगी उडत राहिली, तर मोठा खरखराट होतो. आमच्या पोर्चमध्ये हेही होतं. एक पिन काळी पडली होती.

हा गोंगाट लाइनमध्ये शिरतो कसा? घराचं वायरिंग अँटेनासारखं वागतं आणि टेलिफोनची तारही तशीच. आमच्याकडे जुनी चपटी, पीळ नसलेली तार पोर्चच्या विजेच्या वायरीबरोबर एकाच केसिंग पट्टीतून पंधराएक फूट गेली होती. पीळ घातलेल्या जोडतारेत दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच पडतो आणि मोडेम तो वजा करू शकतं. चपट्या तारेला किंवा ओल लागून गंजलेल्या जॉइंटला हे जमत नाही. पावसाळ्यात त्रास वाढायचा तो म्हणूनच.

पुढचं सगळं मोडेमच्या आत घडतं. एडीएसएल-टू-प्लस लाइनचे ४.३ किलोहर्ट्झचे सुमारे पाचशे तुकडे पाडतं आणि प्रत्येकावर किती माल पाठवता येईल ते मोजतं. वर थोडी शिल्लक ठेवतं, साधारण सहा डेसिबल. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ती 'एसएनआर मार्जिन' या नावानं दिसते. बल्ब लागला की शिल्लक घटते, चुका वाढतात. ती संपली की मोडेम लाइन सोडून देतं आणि पुन्हा पहिल्यापासून जोडणी करतं, बऱ्याचदा कमी वेगावर. म्हणून तारेचा त्रास ओळखू येतो: नेट एकदम पूर्ण जातं, डीएसएलचा दिवा लुकलुकतो, एक-दोन मिनिटांनी नेट परत येतं पण मंद. माझ्याकडे बल्ब बंद असताना मार्जिन नऊ होतं, लावल्यावर तीन.

मावशीकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्या मोडेमवरचे दिवे स्थिर, हिरवे. एक मोबाइल चाले, दुसरा अडके. देवघराजवळ नेट मिळे, माडीवर मिळेना. मुळात तिचं कनेक्शन फायबरचं. फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो, त्याला बल्बच्या विजेचा गोंगाट चिकटूच शकत नाही. मी लॅपटॉप लॅन केबलनं थेट मोडेमला लावला, घरातले सगळे दिवे लावले आणि वेग तपासला. पूर्ण मिळाला. तिथेच लाइन निर्दोष ठरली.

"मावशी, राउटर आधी कुठे होता गं?"

"तिथेच खुंटीपाशी. त्या पट्ट्या बसवायला आला ना, त्या मुलानं उचलून वर ठेवला. दिसायला बरा दिसतो म्हणाला."

वर म्हणजे लोखंडी कपाटाच्या मागे. तो वाडा जुना, भिंती अडीच फूट जाड, दगड-विटांच्या. त्यातून ५ गिगाहर्ट्झ तर जाईच ना. पट्ट्या बसवल्याच्या दिवशीच नेट बिघडलं हे मावशीचं म्हणणं अगदी खरं होतं, फक्त बिघाड पट्ट्यांनी केला नव्हता. राउटर माजघरात उघड्या फळीवर आणला, मोडेम आणि राउटरमधली केबल लांबवून घेतली, त्रास संपला.

हा गोंधळ सगळीकडेच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं वाय-फाय तपासायचं अ‍ॅप आणलं, तेव्हा नाताळच्या दिव्यांच्या माळांनीही वाय-फायला अडथळा येऊ शकतो असं म्हटलं होतं. बातम्यांत तेवढंच गाजलं. राउटरलाच माळ गुंडाळली तर थोडा फरक पडेलही, पण दिवाळीत गॅलरीतल्या माळेनं वाय-फाय कोलमडणार नाही. तीच माळ तांब्याच्या लाइनला मात्र खरंच छळू शकते, आणि ती शेजाऱ्याचीही असू शकते. वेल्समधल्या एबरहोसन गावात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड ढेपाळायचं. २०२० मध्ये कारण उघड झालं: एका घरातला जुना टीव्ही त्या वेळी चालू व्हायचा आणि त्याचा गोंगाट गावभरच्या तारांत शिरायचा. त्या घराचा यात काय दोष? त्यांना कल्पनाही नव्हती.

तांब्याची लाइन असेल तर एक सोपी तपासणी करा. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर, ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या मध्ये स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि एकेक दिवा लावत फिरा. एडीएसएल याच पट्ट्यातून जातं, म्हणून ट्रान्झिस्टर जिथे घरघरेल तिथे संशयित आहे. मोडेमच्या अ‍ॅडाप्टरजवळही न्या, बदलून आणलेले स्वस्त अ‍ॅडाप्टर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही कमी नसतात. मोडेम यूपीएसवर चालत असेल तर एकेक एमसीबी पाडून मार्जिन बघा.

आमच्याकडे बल्ब आणि होल्डर बदलला, टेलिफोनची तार वेगळ्या पट्टीतून पीळवाली घेतली. मार्जिन नऊवर टिकलं. त्याआधी मात्र तीन वेळा तक्रार नोंदवली होती आणि लाइनमनदादा दर वेळी सकाळी अकराला येऊन "लाइन ओके आहे" म्हणून गेले होते. ते खोटं बोलत नव्हते. अकराला पोर्चचा बल्ब बंद असायचा. चौथ्या वेळी मी त्यांना संध्याकाळी बोलावलं, मोडेमचं पान उघडून ठेवलं आणि त्यांच्यासमोर बटण दाबलं.