उन्हाळी डर्ट बाइकिंग (कोल्हापूर परिसर)

मार्च ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कोल्हापूर जिल्ह्यातील माळरानांवर, पाणंदींतून, कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून आणि मुरमाड टेकड्यांवरून बटन टायरची (जाड उंचवट्यांच्या नक्षीचे टायर असलेली) हलकी मोटारसायकल चालवण्याचा हौशी क्रीडाप्रकार. त्यात तीन प्रकारच्या गाड्या दिसतात. दिवा आणि नंबरप्लेट नसलेली, मातीच्या ट्रॅकवरील शर्यतींसाठीची खरी मोटोक्रॉस गाडी, २०१९ मध्ये आलेल्या हीरो एक्सपल्स २०० सारखी रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर दोन्हीकडे चालणारी गाडी, आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून सस्पेन्शन उंच करून घेतलेली जुनी यामाहा आरएक्स १००. तिसऱ्या प्रकारावर कोल्हापूरकरांचे प्रेम अंमळ जास्तच आहे.

उन्हाळाच का, याचे उत्तर शेतीत आहे. गळीत हंगाम संपेपर्यंत पाणंदी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या असतात. फड तुटले की शिवार उघडे होते, शाळा-कॉलेजला सुट्टी लागते आणि पावसाला अवकाश असतो. संघटित खेळ मात्र याच्या उलट चालतो. २०२४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामातील शर्यती पुणे, अहमदाबाद आणि बंगळूर येथे जानेवारी-फेब्रुवारीत झाल्या. म्हणजे ज्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि रुग्णवाहिका असते ते थंडीत चालवतात आणि ज्यांच्याकडे यांतले काहीच नसते ते भर वैशाखात.

हवामान : कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. एप्रिलचे सरासरी कमाल तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी हवामान विभाग किमान ४० अंशांची अट धरतो. ती येथे फार वेळा पूर्ण होत नाही. त्यामुळे ‘हे काय विदर्भ आहे?’ असे म्हणून ऊन हसण्यावारी नेले जाते. पण मेच्या पहिल्या आठवड्यात येथे माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो, माळावर सावली नसते आणि दुपारनंतर सह्याद्री ओलांडून येणारा पश्चिम वारा दमट असतो. मार्चमधल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, मेअखेरीस तो अंगावरच राहतो. म्हणून पारा एप्रिलपेक्षा खाली असूनही मेमधली दुपार शरीराला अधिक जड जाते.

जमीन : पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी जमीन उन्हाने तडकते. तिच्या भेगांत पुढचे चाक अडकले की हॅण्डल हातातून सुटते. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड या बाजूंना जांभा आहे. त्याचे सुटे खडे उतारावर टायरखाली काचेच्या गोट्यांसारखे घरंगळतात आणि ब्रेक दाबला की गाडी थांबण्याऐवजी वाहत जाते. दोन्हीकडे सामाईक असतो तो फुफाटा. पुढच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मागच्याने थांबायचे, हा शिष्टाचार पाळला तर निम्मे अपघात टळावेत.

इंजिन : दहा अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांच्या हवेची घनता साधारण एकदशांशाने कमी असते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढेच येते, पण हवा विरळ मिळते. मग मिश्रण घट्ट होते, गाडी सुस्तावते आणि प्लग काळा पडतो. मिस्त्री लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) बसवून हे सुधारतात. खरी गोम पुढे आहे. पाऊस सुरू होऊन हवा गार आणि दाट झाली, तरी तोच जेट राहिला तर मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि आरएक्ससारखे टू-स्ट्रोक इंजिन सीझ होते, म्हणजे आतून जाम होते. उन्हाळ्यात केलेल्या बदलाची किंमत जुलैत मोजावी लागते ती अशी. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हा हिशोब आपोआप जुळवतो. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला वेग लागतो आणि खडकाळ चढावर नेमका तोच नसतो. अर्धा क्लच दाबून इंजिन रेटत राहण्यापेक्षा चढाच्या माथ्यावर गाडी बंद करून उभी ठेवणे शहाणपणाचे. फोमचा एअर फिल्टर धुऊन, तेल लावूनच बसवावा. कोरडा फोम बारीक धूळ आत सोडतो आणि ती सिलिंडर घासते. टायरमधली हवा सकाळच्या गारव्यात भरली असेल तर दुपारी दाब वाढलेला आढळतो.

शरीर : ही गाडी बसून नव्हे, उभ्याने चालवायची असते. मांड्या, पाठ आणि मनगटे सतत कामात असल्याने स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात. त्यावर हेल्मेट, छातीचे कवच, गुडघ्याचे गार्ड आणि पोटरीपर्यंतचे बूट. अशा श्रमात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठही. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून ओआरएस, मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे हवे. उसाचा रस चवीला उत्तम, पण त्यात साखर फार आणि मीठ नगण्य, त्यामुळे तो फेरी संपल्यावर रसवंतीवर बसून प्यावा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीला येऊन पहिल्याच दिवशी माळ गाठणाऱ्यांना नेमकी हीच मुदत मिळालेली नसते. उकडते म्हणून कवच काढून ठेवणे हा सर्रास आढळणारा मूर्खपणा आहे. त्यापेक्षा वेळ बदलावी. तालमीतले पैलवान पहाटे मेहनत करतात. डर्टवाल्यांनीही उजाडताच निघून नऊच्या आत परतावे.

ऊन लागल्याची लक्षणे सोबत्याला आधी कळतात : सोपे वळण चुकणे, बोलणे असंबद्ध होणे, पाय लटपटणे, चिडचिड. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर गेले आणि शुद्ध हरपू लागली की तो उष्माघात होय. अशा वेळी घाम थांबलेलाच असतो असे नाही. श्रमाच्या उष्माघातात अंग ओलेचिंब असू शकते. हेल्मेट, बूट आणि कवच ताबडतोब काढावे, १०८ ला फोन करावा आणि वाट पाहत न बसता अंग गार करायला लागावे. विहिरीचा पंप, शेततळे, जनावरांचा हौद, जे जवळ असेल त्याचे पाणी अंगावर ओतावे. पाण्यात बसवल्यास डोके वर धरून ठेवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आधी गार करणे, मग हलवणे, हा क्रम महत्त्वाचा.

निर्बंध : नोंदणी नसलेली मोटोक्रॉस गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे ती पिकअपमधून नेतात. गाडी चालवताना अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. राधानगरी अभयारण्यात हा प्रकार करता येत नाही. ते २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात समाविष्ट आहे. पन्हाळ्याजवळच्या मसाईसारख्या पठारांवरचे जांभ्याचे सडे (उघडे खडकाळ सपाट भाग) उन्हाळ्यात ओसाड दिसतात, पण पावसाळी फुलांचे कंद त्या वीतभरही नसलेल्या मातीत निजलेले असतात. बटन टायर ती माती खरवडून काढतो. शिवाय वाळल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकवून गाडी आडवी ठेवणे म्हणजे वणव्याला आमंत्रण. गाडी उघड्या मुरमावरच लावावी.

वळीव : एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमतात आणि पावसाआधी विजा येतात. गडगडाट ऐकू येताच पठार सोडून खाली उतरावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. पूर्वेकडच्या काळ्या मातीत वळवाच्या एका सरीनेही चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसतो आणि चाक फिरेनासे होते. गाडी ढकलायला दोघे-तिघे लागतात. पश्चिमेच्या जांभ्यातून पाणी लवकर निचरते, फुफाटा बसतो आणि तासाभराने टायरला सबंध उन्हाळ्यात न मिळालेली पकड मिळते.