‘खेळत बसली तर लिहायला कधी शिकणार?’

बालवाडीबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: खेळातून शिकवणाऱ्या शाळेत मुलं नुसती खेळतात, अभ्यासात मागे पडतात.

शंका रास्त आहे, कारण वहीत काही दिसत नाही. पण शिकणं वहीबाहेरही होतं, आणि ते घरीच पडताळता येतं. तीन-साडेतीन वर्षांचं मूल दहापर्यंत अंक धडाधड म्हणतं. त्याच्यासमोर दहा ठोकळे ठेवा आणि म्हणा, “मला तीन दे.” पुष्कळदा ते मूठभर उचलून देतं! अंक पाठ आहेत, पण ‘तीन’ म्हणजे किती हे अजून उमगलेलं नाही. ती उमज वस्तू मोजत, वाटत, मांडत येते. अंक गिरवून येत नाही.

लिहिण्याचंही तेच. सुरुवातीला मूल खडू मुठीत धरतं. तीन बोटांची पकड साधारण 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान पक्की होते. माती मळणं, मणी ओवणं ही तिचीच तयारी.

मात्र खेळणी टाकून ताई बाजूला बसल्या, तर त्याला खेळातून शिक्षण म्हणता येणार नाही. शाळा बघायला गेलात तर तेवढंच पाहा: ताई मुलांना प्रश्न विचारतात का, आणि उत्तरासाठी थांबतात का.