कालबाह्यतेविषयीचे चिनी वाक्प्रचार

कालबाह्य झालेली वस्तू, वार्ता, व्यक्ती वा पद्धती यांसाठी चिनी भाषेत रूढ असलेले शब्दप्रयोग. यांतील बरेच ‘छंग-यू’ या वर्गात, म्हणजे बहुधा चार अक्षरांच्या व अभिजात वाङ्मयातून उतरलेल्या वाक्प्रचारांत मोडतात. पुढील उदाहरणांतले फूल टवटवीत असते, पंखाही धडका असतो. उलटून जातो तो ऋतू.

‘मिंग-र ह्वांग-ह्वा’ (उद्याचे पिवळे फूल) हा विशेष परिचित. पिवळे फूल म्हणजे शेवंती. नवव्या चांद्रमासाच्या नवव्या दिवशी येणाऱ्या छुंग-यांग सणाला ती पाहण्याची प्रथा आहे. सण सरला की तिची अपूर्वाई संपते. सुंग काळातील कवी सू शृ (१०३७–११०१) याने म्हटले, की उद्याच्या पिवळ्या फुलापाशी फुलपाखरूही खिन्न होईल. ही ओळ त्याच्या दोन रचनांत आढळते : एक १०७८ मध्ये श्यू-चौ येथे वांग कुंग या मित्रासाठी लिहिलेली, दुसरी ह्वांग-चौ येथील हद्दपारीतली, १०८१ किंवा १०८२ मधील. उगम म्हणून पहिलीच धरणे सयुक्तिक. आज शिळ्या बातमीला हा प्रयोग लावताना अनेकजण ‘उद्या’च्या जागी ‘काल’ घालतात. जाणकार ती चूक मानतात. कवी सणाच्या दिवशी बोलत आहे, हे त्यात निसटते.

‘छ्यू शान च्यन च्युआन’ (शरदात पंखा टाकला जाणे) हा मुख्यतः उपेक्षित स्त्रीविषयी वापरतात. त्याचे मूळ ज्या कवितेत आहे, तीत पांढऱ्या रेशमाचा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल पंखा थंड वारा सुटताच पेटीत पडेल, ही धास्ती आहे. परंपरेने ती हान वंशातील सम्राट छंग (कार. इ. स. पू. ३३–७) याची उपपत्नी पान च्ये-यू हिची मानतात व सहाव्या शतकातील *वन श्वान* या संग्रहात ती तिच्याच नावे आहे. तथापि *हान-शू* या इतिहासातील तिच्या चरित्रात तिचे दुसरे काव्य उद्‌धृत आहे, हे नाही. आणि त्या ग्रंथाचा कर्ता पान कू तिच्याच भावाचा नातू. छंगच्या काळच्या काव्यसूचीत पंचाक्षरी (दर ओळीत पाच अक्षरांची) रचना दिसत नाही, आणि ही कविता तशीच आहे, म्हणून उत्तरकाळात शंका घेतली गेली, असे प्राचीन साहित्यसमीक्षक ल्यू श्ये नोंदवतो. कर्तृत्व संदिग्ध मानणेच बरे.

कालबाह्य पद्धतीला चिकटण्यासाठी ‘ख चौ छ्यू च्यन’ आहे : नावेतून तलवार पाण्यात पडली तेथे नावेच्याच कडेवर खूण करून, नाव थांबल्यावर त्या खुणेखाली शोधणारा छू या प्राचीन चिनी राज्याचा माणूस. ही कथा *ल्यू-शृ छुन-छ्यू* (सु. इ. स. पू. २३९) या ग्रंथात, पूर्वीच्या राजांचे कायदे जसेच्या तसे चालवण्याविरुद्धच्या युक्तिवादात येते. बोलीत जुनाट रिवाजाला ‘लाव ह्वांग-ली’ (जुने पंचांग) म्हणतात.