एनएफएलमधील ‘इंज्युअर्ड रिझर्व्ह’ यादी: पात्रता, कागदपत्रे आणि परतीची प्रक्रिया

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या (सॉकरच्या नव्हे) एनएफएल म्हणजेच नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 32 संघ आहेत आणि हंगाम सुरू झाल्यावर प्रत्येक संघाला मुख्य पटावर जास्तीत जास्त 53 खेळाडू ठेवता येतात. 2021पासून नियमित हंगामात प्रत्येक संघ 18 आठवड्यांत 17 सामने खेळतो. खेळ अंगावर जाऊन खेळण्याचा असल्यामुळे सप्टेंबरमध्ये धडधाकट असलेला संघ नोव्हेंबरपर्यंत तसाच राहील, अशी अपेक्षा कुणी करत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने बाहेर बसणारा खेळाडू 53पैकी एक जागा अडवून राहिला, तर त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी ‘इंज्युअर्ड रिझर्व्ह’ म्हणजेच आयआर ही राखीव यादी आहे. खेळाडूचे नाव त्या यादीत गेले की तो 53च्या मोजणीतून वगळला जातो, मात्र त्याचा करार संघाकडेच राहतो. पगाराच्या मर्यादेत मात्र काहीही सूट मिळत नाही. 2025च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा 27 कोटी 92 लाख डॉलर होती आणि आयआरवरील खेळाडूचे वेतन तिच्यातच धरले जाते.

अर्ज कोण करतो, हा पहिला प्रश्न. नोंदणीची प्रक्रिया संघ करतो, खेळाडू नाही. संघाचे व्यवस्थापन लीगच्या कार्यालयाला बदल कळवते आणि तो त्या दिवशीच्या अधिकृत व्यवहारांच्या यादीत येतो. दिवसाची मुदत साधारणतः न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी चारला संपते, म्हणजे भारतात मध्यरात्र उलटून दीड, आणि अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरात मागे गेल्यावर अडीच. खेळाडूला यादीवर जायचे नसले, तरी निर्णय संघाच्या हातात असतो. खेळाडूचे अधिकार आहेत, पण ते उपचार, दुसरे वैद्यकीय मत आणि पगार यांच्याशी निगडित आहेत आणि ते कागदोपत्री जपावे लागतात. त्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोणाला यादीवर टाकणे योग्य ठरते

प्रत्येक जखमी खेळाडू आयआरवर जात नाही. सामन्याच्या दिवशी 53पैकी सर्वच खेळाडू मैदानात उतरू शकत नाहीत. आक्रमक फळीतील किमान आठ लाइनमन सज्ज असतील तर 48, अन्यथा 47 खेळाडू सक्रिय ठेवता येतात आणि उरलेल्यांची नावे सामना सुरू होण्याच्या 90 मिनिटे आधी ‘इनॅक्टिव्ह’ म्हणून जाहीर होतात. त्यामुळे एखादा खेळाडू आठ-पंधरा दिवसांत बरा होणार असेल, तर संघ त्याला 53मध्येच ठेवून एखाद-दोन सामने निष्क्रिय दाखवतो. आयआरवर गेलेल्या खेळाडूला किमान चार सामने बाहेर बसावे लागते. म्हणून डॉक्टरांचा अंदाज ‘तीन ते पाच आठवडे’ असा येतो, तेव्हा व्यवस्थापनाची खरी पंचाईत होते. येथे आठवडे नव्हे, सामने मोजले जातात. मधला विश्रांतीचा आठवडा त्या चारांत धरला जात नाही आणि हे विसरणाऱ्या चाहत्याचे गणित हमखास एका आठवड्याने चुकते. 2023मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) कूपर कप हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागील स्नायूच्या दुखापतीमुळे हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर आयआरवर गेला, पहिले चार सामने त्याने बाहेर काढले आणि 8 ऑक्टोबरला फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात तो परतला. नियमाने लागणारी किमान मुदत आणि दुखापतीला लागणारा काळ इतके जुळून येणे क्वचितच घडते.

मेंदूला बसणाऱ्या धक्क्यासाठी एनएफएलमध्ये वेगळी यादी नाही. असा खेळाडू ठरलेल्या वैद्यकीय टप्प्यांतून जातो, त्याला स्वतंत्र मेंदूविकारतज्ज्ञाची संमती लागते आणि काळ लांबणार असे दिसले तर संघ त्यालाही आयआरवरच टाकतो. मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) तुआ टॅगोवायलोआ 2024मध्ये याच मार्गाने चार सामने बाहेर राहून 27 ऑक्टोबरला परतला.

हे नियम पूर्वी बरेच कठोर होते. 2012पूर्वी आयआरवर नाव गेले की त्या खेळाडूचा हंगाम संपला, असेच समजले जाई. 2012पासून प्रत्येक संघाला एक खेळाडू परत आणण्याची मुभा मिळाली, 2017मध्ये ती दोनवर गेली आणि करोनाच्या काळात, 2020 व 2021मध्ये, संख्येची अट काढून किमान मुदत तीन आठवड्यांवर आणण्यात आली. 2022पासून चार सामन्यांची अट आणि नियमित हंगामात संघामागे एकूण आठ परतींची मर्यादा लागू आहे. एकच खेळाडू दोनदा परत येऊ शकतो, पण त्या दोन परती आठांतून वजा होतात. माझ्या मते आठ हा आकडा बऱ्यापैकी समतोल साधणारा आहे. मर्यादाच नसेल, तर जागा मोकळी करण्यासाठी किरकोळ दुखापतवाल्यांनाही यादीवर ढकलण्याचा मोह संघांना होईल, आणि मर्यादा दोनच ठेवली, तर डिसेंबरात खेळू शकणारे खेळाडू घरी बसतील.

तारखेची अट

दुखापत कोणती, यापेक्षा नाव कोणत्या तारखेला यादीत गेले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सराव शिबिरात संघांकडे 90 खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर एकाच दिवशी ती संख्या 53वर आणावी लागते. या कपातीपूर्वी आयआरवर गेलेला खेळाडू त्या हंगामात त्या संघाकडून खेळू शकत नाही. म्हणूनच संघ जखमी पण उपयोगी खेळाडूला आधी 53मध्ये बसवत, एखाद्या अनुभवी खेळाडूला तोंडी आश्वासन देऊन एक दिवसासाठी मुक्त करत आणि दुसऱ्या दिवशी जखमीला आयआरवर टाकून त्या अनुभवी खेळाडूला पुन्हा करारबद्ध करत. 2024पासून ही कसरत थोडी कमी झाली आहे. आता कपातीच्या दिवशीच दोन खेळाडूंना ‘परतीसाठी नियुक्त’ अशा नोंदीसह थेट राखीव यादीत टाकता येते. मात्र त्या दोन जागा आठांतून त्याच क्षणी खर्च झाल्या असे धरले जाते, मग ते खेळाडू पुढे परतोत वा न परतोत.

शिबिराच्या काळात नवख्या खेळाडूंची वाट आणखी बिकट असते. चार हंगाम पूर्ण न केलेल्या खेळाडूला बहुतेक वेळा ‘वेव्हड/इंज्युअर्ड’ (जखमी असताना सोडलेला) अशी नोंद करून आधी सोडले जाते. दुसऱ्या एखाद्या संघाने त्याच्यावर दावा केला नाही, म्हणजे त्याचा करार स्वतःकडे घेतला नाही, तर तो मूळ संघाच्या आयआरवर येतो. त्यानंतर पुष्कळदा संघ आणि खेळाडू यांच्यात ‘इंज्युरी सेटलमेंट’ होते, म्हणजे खेळाडू बरा होण्यास जितके आठवडे लागतील असे ठरते, तितक्या आठवड्यांचे पैसे देऊन संघ त्याला मोकळा करतो. या कागदावर सही करण्यापूर्वी आठवड्यांची संख्या दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेणे खेळाडूच्या हिताचे असते, कारण एकदा रक्कम ठरली की बरे होण्यास लागलेल्या जादा काळाचा भार त्याच्यावरच येतो.

पीयूपी आणि एनएफआय

आयआरशिवाय आणखी दोन याद्या आहेत आणि वृत्तांतांत त्यांची वारंवार सरमिसळ होते. पहिली ‘फिजिकली अनेबल टू परफॉर्म’, म्हणजे पीयूपी. मागील हंगामात फुटबॉल खेळताना झालेली दुखापत शिबिर सुरू होईपर्यंत बरी झाली नसेल आणि खेळाडू वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाला नसेल, तर त्याला या यादीत ठेवतात. अट एकच, पण कडक आहे. शिबिरात त्याने एकदा जरी सराव केला, तरी पीयूपीचा मार्ग बंद होतो. शिबिरादरम्यान तो केव्हाही सरावाला येऊ शकतो, परंतु कपातीच्या दिवशीही तो याच यादीवर राहिला, तर त्याला किमान पहिल्या चार सामन्यांना मुकावे लागते. क्लीव्हलँड ब्राउन्सचा निक चब सप्टेंबर 2023मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन पडला, 2024चा हंगाम त्याने पीयूपीवर सुरू केला आणि पहिल्या सहा सामन्यांना मुकून 20 ऑक्टोबरला तो मैदानात उतरला.

दुसरी यादी ‘नॉन-फुटबॉल इंज्युरी’, म्हणजे एनएफआय. संघाच्या कामाबाहेर झालेली दुखापत किंवा आजार येथे नोंदवला जातो आणि ‘कामाबाहेर’ याचा अर्थ फार काटेकोरपणे घेतला जातो. जेम्सन विल्यम्सचा गुडघा जानेवारी 2022मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात दुखावला. डेट्रॉइट लायन्सने नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला बाराव्या क्रमांकावर घेतले आणि तो एनएफआयवर गेला, कारण ती दुखापत एनएफएल संघाच्या सेवेत असताना झालेली नव्हती. लाखो प्रेक्षकांसमोर फुटबॉल खेळताना झालेली दुखापत कागदावर ‘फुटबॉलेतर’ ठरते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण नियमाच्या भाषेत ते बरोबर आहे.

या यादीतील खरा धोका पैशाचा आहे. एनएफआयवरील खेळाडूला पूर्ण पगार देण्याचे बंधन संघावर नसते. मे 2021मध्ये डेन्व्हर ब्रॉंकोसचा टॅकल (आक्रमक फळीतील एक लाइनमन) जुवॉन जेम्स संघाच्या आवाराबाहेर व्यायाम करताना अकिलीस टेंडन (टाचेमागील स्नायूबंध) तुटून जखमी झाला, संघाने त्याला एनएफआयवर टाकले आणि काही दिवसांत मुक्तही केले. त्याचे त्या हंगामाचे वेतन धोक्यात आले आणि प्रकरण तक्रारीपर्यंत गेले. तोच व्यायाम संघाच्या आवारात केला असता, तर नोंद निराळी झाली असती. सर्वच उदाहरणे अशी कटू नसतात. 2024मध्ये गोळीबारात जखमी झालेला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा नवखा खेळाडू रिकी पिअरसॉल एनएफआयवरून परतून त्याच ऑक्टोबरात खेळला.

कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे खेळाडूचा प्रमाणित करार. त्याच्या नवव्या परिच्छेदानुसार, कामावर असताना जखमी झालेल्या आणि ती दुखापत संघाच्या डॉक्टरला किंवा ट्रेनरला तत्परतेने कळवणाऱ्या खेळाडूला संघाच्या खर्चाने उपचार आणि त्या हंगामापुरते वेतन मिळते. ‘तत्परतेने’ आणि ‘त्या हंगामापुरते’ या दोन शब्दप्रयोगांवर बरेच काही टांगलेले असते. दुखापत लपवून दोन आठवडे खेळणारा खेळाडू शौर्य दाखवतो खरा, पण नंतर तीच दुखापत कधी झाली, हे सिद्ध करणे त्याला जड जाते. काही करारांत वेतनाचे दोन दर असतात, 53मध्ये असताना एक आणि राखीव यादीवर असताना त्याहून कमी. अशा करारातील खेळाडूच्या खिशाला आयआर थेट चाट लावते.

दुसरा कागद वैद्यकीय नोंदींचा. हंगामापूर्वीच्या तपासणीचा अहवाल, ट्रेनरच्या नोंदी, स्कॅन आणि डॉक्टरांचा निष्कर्ष यांवरून दुखापत केव्हाची आणि कशाची, हे ठरते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक कराराच्या 39व्या कलमानुसार खेळाडूला संघाच्या खर्चाने दुसरे वैद्यकीय मत घेण्याचा आणि शस्त्रक्रिया कोणाकडून करून घ्यायची, हे ठरवण्याचा हक्क आहे. त्यासाठी त्याने आधी संघाच्या डॉक्टरशी सल्लामसलत करावी आणि दुसऱ्या डॉक्टरचा अहवाल संघाला द्यावा, अशी अट आहे. आपण जखमी असतानाच संघाने मुक्त केले, असे खेळाडूला वाटत असेल, तर त्याला ‘इंज्युरी ग्रीव्हन्स’ दाखल करता येते आणि त्यात तटस्थ डॉक्टरकडून तपासणी होते.

दर आठवड्याला प्रसिद्ध होणारा दुखापत अहवाल हा निराळा दस्तऐवज आहे. त्यात सरावातील सहभाग आणि ‘क्वेश्चनेबल’ (खेळणे अनिश्चित), ‘डाउटफुल’ (खेळण्याची शक्यता कमी) किंवा ‘आउट’ (खेळणार नाही) असा शेरा असतो. ‘प्रॉबेबल’ (बहुधा खेळेल) हा शेरा 2016मध्ये बंद झाला. हा अहवाल अचूक न दिल्यास दंड होतो. 2019मध्ये क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरच्या कोपराच्या त्रासाची नोंद न केल्याबद्दल पिट्सबर्ग स्टीलर्सला 75,000 डॉलर आणि प्रशिक्षक माइक टॉमलिन यांना 25,000 डॉलर दंड झाला होता.

परतीची प्रक्रिया

किमान चार सामने पूर्ण झाले की संघ खेळाडूला ‘परतीसाठी नियुक्त’ करून सरावाला बोलावू शकतो. पहिल्या सरावापासून 21 दिवसांची मुदत सुरू होते. या काळात तो संघासोबत सराव करतो, पण 53मध्ये मोजला जात नाही. येथे मात्र सामने नव्हे, दिनदर्शिकेतील दिवस मोजतात. मुदत संपेपर्यंत त्याला मुख्य पटावर घेतले नाही, तर तो उर्वरित हंगामासाठी बाद होतो.

या 21 दिवसांचे गणित क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या प्रकरणात नेमके दिसले. 11 सप्टेंबर 2023 रोजी न्यूयॉर्क जेट्सकडून पहिल्याच सामन्यात चौथ्या स्नॅपला, म्हणजे चौथ्या चालीतच, त्याचा अकिलीस टेंडन तुटला. 29 नोव्हेंबरला त्याची सरावाची मुदत उघडली, म्हणजे ती 20 डिसेंबरला संपणार होती. तोपर्यंत जेट्स प्लेऑफच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) शर्यतीतून बाद झाले होते आणि तो त्या हंगामात खेळणार नव्हता. तरीही त्याला सरावात ठेवायचे, तर 53मध्ये घेणे भाग होते. संघाने 20 डिसेंबरला तसेच केले आणि जागा करण्यासाठी एका फुलबॅकला सोडावे लागले. आयआरवरून कोणी परतला की दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते, ही गोष्ट बातम्यांच्या मथळ्यांत क्वचितच येते.

रविवारच्या सामन्यात खेळवायचे असेल, तर खेळाडूला शनिवारी दुपारी चारपर्यंत मुख्य पटावर घ्यावे लागते. तोवर त्याच्या जागी संघ 16 जणांच्या सराव पथकातून प्रत्येक सामन्यासाठी दोन खेळाडू तात्पुरते वर घेऊ शकतो, मात्र एकाच खेळाडूला नियमित हंगामात तीनदाच अशी बढती देता येते. प्लेऑफमध्ये पोहोचलेल्या संघांना 2024पासून आठांव्यतिरिक्त दोन जादा परती मिळू लागल्या.

यादीवरील काळ खेळाडूच्या सेवेत धरला जातो का, हेही विचारले जाते. सहा किंवा अधिक सामने पूर्ण वेतनावर सक्रिय, निष्क्रिय, आयआर किंवा पीयूपी यांपैकी कोणत्याही नोंदीखाली काढले, तर तो हंगाम मुक्त कराराच्या पात्रतेसाठी मोजला जातो. असे चार हंगाम भरले आणि करार संपला की खेळाडू कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. एनएफआय या मोजणीत बसत नाही.

अमेरिकेतील कार्यालयांत सहकाऱ्यांबरोबर फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळणारा काल्पनिक संघांचा खेळ) खेळणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. तेथील ‘आयआर’ जागा त्या संकेतस्थळाच्या नियमांवर चालते आणि बऱ्याच ठिकाणी नुसता ‘आउट’ शेरा असलेला खेळाडूही तेथे ठेवता येतो. त्यावरून तो एनएफएलच्या यादीत आहे आणि चार सामने येणार नाही, असे समजू नये.